रंगलेल्या पेशी, न रंगलेल्या पेशी

मेंदूवर काम करणाऱ्या बहुतेक लॅबच्या फ्रीझरमध्ये एक कुपी असतेच. तिच्यात एक अँटीबॉडी असते आणि वर ती बनवणाऱ्या पेशीवंशाचं, म्हणजे क्लोनचं नाव लिहिलेलं असतं, 'ए६०'. पण त्या नावाने तिचा उल्लेख क्वचितच होतो. 'न्यूएन लावलंस का?', 'न्यूएन छान आलंय!' असंच बोललं जातं. मेंदूच्या पातळ कापावर ही अँटीबॉडी घातली की न्यूरॉनची, म्हणजे चेतापेशींची, केंद्रकं रंगतात आणि बाकीच्या पेशी, म्हणजे न्यूरॉनना आधार देणाऱ्या ग्लिया, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी वगैरे, कोऱ्या राहतात. न्यूरॉन कुठे आहेत, किती आहेत, इजा झाल्यावर किती उरले, असं काहीही विचारायचं असलं की जगभर आधी हात हिच्याकडेच जातो. माझं कामाचं आयुष्य बरंचसं या कुपीच्या सोबतीने गेलंय. तिच्याविषयी एकदा सविस्तर लिहावं असं कधीपासून मनात होतं.

गोष्ट १९९२ची. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात रिचर्ड म्युलन, चार्ल्स बक आणि अ‍ॅलन स्मिथ मेंदूच्या पेशींच्या केंद्रकांविरुद्ध अँटीबॉडी तयार करत होते. केंद्रकं उंदरांना पुन्हा पुन्हा टोचायची, त्यांच्या शरीरात ज्या ज्या अँटीबॉडी तयार होतील त्यांतली एकेक वेगळी काढायची, ती मेंदूच्या कापांवर घालायची आणि कुठे जाऊन बसते ते बघायचं. नेमकं कुठलं प्रथिन हवंय हे आधी ठरलेलं नव्हतं. त्यांतली ए६० न्यूरॉनच्या केंद्रकांत जाऊन बसली, आणि उंदराच्या जवळजवळ सगळ्या मज्जासंस्थेत बसली. मग त्यांनी ती रॅटच्या, कोंबडीच्या पिल्लाच्या, माणसाच्या आणि सॅलॅमँडरच्या मज्जापेशींवरही घालून पाहिली. तिथेही तेच. पेशी विभाजन थांबवून न्यूरॉन म्हणून पक्की व्हायला लागते, साधारण त्याच सुमाराला हा रंग पहिल्यांदा दिसतो, हेही त्यांनी नोंदवलं. प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर ४६ ते ४८ किलोडाल्टनच्या (प्रथिनांचं वजन सांगायचं एकक) आसपास पट्टे आले. त्या अनोळखी प्रथिनाला त्यांनी 'न्यूरॉनल न्यूक्लिआय'वरून न्यूएन असं नाव देऊन टाकलं. बोलताना अँटीबॉडीलाही तेच नाव पडलं.

अनोळखी म्हणजे पूर्ण अनोळखी. त्याचं जनुक कुठलं, अमिनो आम्लांचा क्रम काय, पेशीत ते काय करतं, यातलं काहीही ठाऊक नव्हतं. ते कळायला २००९ उजाडलं. मधली सतरा वर्षं संशोधकांनी, आणि पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांनीसुद्धा, हे प्रथिन रोज पाहिलं, मोजलं, त्याच्या भरवशावर निष्कर्ष काढले. आणि ते काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

नवीन विद्यार्थ्यांना हे सांगितलं की त्यांना धक्का बसतो. असं कसं चालतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर उमटतं. मला मात्र त्यात गैर काही वाटत नाही. ज्याची ओळख पटलेली नाही ते नीट पाहता येतं, नोंदवता येतं, त्याच्या मर्यादा सांगता येतात. अट एकच, त्या मर्यादा सांगायला हव्यात. म्युलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पहिल्याच निबंधात सांगितल्या होत्या. पुढे वापरणाऱ्यांनी त्या किती लक्षात ठेवल्या, हा वेगळा प्रश्न आहे आणि या लेखाचं कारणही तेच आहे.

काय आहे हे माहीत नसताना अँटीबॉडी तयार कशी होते, हे समजायला १९७५ मध्ये जावं लागतं. प्राण्याच्या शरीरात परकं काही गेलं की त्याच्या वेगवेगळ्या भागांना चिकटणाऱ्या अनेक अँटीबॉडी एकाच वेळी तयार होतात. अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना बी-पेशी म्हणतात. एका बी-पेशीचा वंश एकच अँटीबॉडी बनवतो, पण असे वंश असंख्य असतात आणि रक्तात त्यांची सरमिसळ असते. त्यातली एकच निवडून बाहेर वाढवावी, तर ती बी-पेशी काचपात्रात काही दिवसांत मरते. केंब्रिजला जॉर्ज कोलर आणि सीझर मिलस्टाइन यांनी उंदराच्या प्लीहेतल्या या पेशींचा मायलोमाच्या, म्हणजे न थांबता वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशींशी संयोग घडवला. मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी टोचलेले उंदीर, पेशींना एकमेकींत मिसळवायला निष्क्रिय केलेला सेंदाई विषाणू, आणि नंतर 'हॅट' नावाचं माध्यम. या माध्यमातलं अमिनोप्टेरिन डीएनए बनवायचा नेहमीचा रस्ता बंद करतं. मायलोमा पेशींमध्ये पर्यायी रस्त्याला लागणारं एन्झाइम नसतं, त्यामुळे एकट्या राहिलेल्या मायलोमा पेशी मरतात. प्लीहेच्या पेशी तशाही फार जगत नाहीत. उरतात त्या फक्त संकरित पेशी, ज्यांना एकीकडून अँटीबॉडी बनवायची विद्या मिळाली आणि दुसरीकडून अमरत्व. या पेशींना हायब्रिडोमा म्हणतात. त्यांतली एकेक पेशी वेगळ्या खळग्यात वाढवली की प्रत्येक खळग्यात एकाच प्रकारची अँटीबॉडी. १९८४चं नोबेल त्यांना नील्स येर्ने यांच्यासोबत मिळालं. अशी मायलोमाची पेशी आपल्याकडे लागली तर पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीभांडाराला लिहायचं. देशभरातल्या कितीतरी लॅबचं काम तिथून आलेल्या एका छोट्या फ्लास्कने सुरू झालं आहे.

या पद्धतीची खरी गंमत मला नेहमी एका गोष्टीत वाटते. मिश्रण टोचलं तरी चालतं. शुद्ध प्रथिन हातात असण्याची गरजच नाही. शेकडो खळग्यांतून बाहेर पडणारी शेकडो उत्तरं घ्यायची आणि प्रत्येक उत्तराचा प्रश्न कुठला होता हे कापावर बघून ठरवायचं. पण त्याच क्षणी एक गोष्ट मान्य करावी लागते. अँटीबॉडी प्रथिन ओळखत नाही. ती प्रथिनाच्या पृष्ठभागावरचा एक छोटा आकार ओळखते, काही थोड्या अमिनो आम्लांचा मिळून झालेला. तो आकार दुसऱ्या प्रथिनावर असला तर ती तिथेही बसेल. आणि हव्या त्या प्रथिनावरचा तो आकार झाकला गेला किंवा बदलला, तर प्रथिन समोर असूनही ती बसणार नाही. 'मोनोक्लोनल', म्हणजे एकाच पेशीवंशातून आलेली, म्हटलं की लोकांना वाटतं, आता चुकायला जागा नाही. मोनोक्लोनलचा अर्थ एवढाच की चूक झालीच तर ती दर वेळी तीच होईल.

आता लॅबच्या टेबलावर येऊ. उंदराच्या मेंदूत आधी पॅराफॉर्मल्डिहाइड मुरवलेलं असतं, म्हणजे प्रथिनं जिथल्या तिथे धरून ठेवली जातात. मग साखरेच्या द्रावणात तो बुडेपर्यंत ठेवायचा, गोठवायचा आणि क्रायोस्टॅटवर, म्हणजे गोठलेल्या ऊतींचे काप काढणाऱ्या यंत्रावर, तीस मायक्रॉनचे काप काढायचे, मिलिमीटरचा साधारण तेहतिसावा भाग. हे काप बारीक रंगाच्या ब्रशने उचलून चोवीस खळग्यांच्या प्लेटमध्ये बफरवर तरंगत ठेवतात. ब्रशचं एक केस जरी उलटं फिरलं तरी काप दुमडतो, आणि दुमडलेला काप उलगडायला जो धीर लागतो तो कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. मग धुणं. पुन्हा धुणं. पेशीचं आवरण सैल करायला थोडं डिटर्जंट, रिकाम्या जागा भरून टाकायला बकऱ्याचं सीरम, आणि मग न्यूएन, बहुतेकदा पाचशे पट पातळ करून. प्लेटला पॅराफिल्म लावायची, वर तारीख आणि स्वतःची आद्याक्षरं लिहायची आणि थंड खोलीतल्या हलत्या फळीवर रात्रभर ठेवायची. दुसऱ्या दिवशी, चमकणारा हिरवा रंग जोडलेली दुय्यम अँटीबॉडी, जी उंदराच्या कुठल्याही अँटीबॉडीला पकडते. पुन्हा धुणं. मग स्लाइड, कव्हरस्लिप, आणि अंधारी खोली.

हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला स्मृतीशी निगडित भाग, पहिल्यांदा पाहिला की प्रत्येक जण थोडा वेळ गप्प होतो. त्यातल्या डेंटेट जायरस या भागाची ग्रॅन्यूल पेशींची घट्ट, वळलेली पट्टी, तिच्या कवेत शिरलेली मोठ्या पिरॅमिडल पेशींची रांग, प्रत्येक केंद्रक सुटं आणि स्पष्ट. केंद्रकाभोवती पेशीद्रवातही फिकट हिरवा रंग असतो, त्यामुळे पेशीचा आकारही कळतो. पाठ्यपुस्तकातली आकृती खरी असते, हे त्या दिवशी कळतं.

पण माझ्या गाइड मॅडम पहिली स्लाइड हिप्पोकॅम्पसची देत नसत. त्या छोट्या मेंदूची, म्हणजे अनुमस्तिष्काची, देत. अनुमस्तिष्काच्या सालीत तीन थर असतात. आतला थर ग्रॅन्यूल पेशींचा, इतका दाट की न्यूएनने तो सलग हिरवा दिसतो. बाहेरच्या थरात तुरळक पेशी. आणि या दोहोंच्या सीमेवर पर्किंजे पेशींची एकेरी रांग, मेंदूतल्या सगळ्यात मोठ्या न्यूरॉनपैकी. चेक शास्त्रज्ञ यान पर्किंजे यांनी त्या १८३७ मध्ये दाखवल्या. छोट्या मेंदूच्या सालीतून बाहेर जाणारा प्रत्येक संदेश यांच्याच अक्षतंतूंवरून, म्हणजे पेशीतून निघणाऱ्या लांब धाग्यांवरून, जातो. त्या न्यूरॉन आहेत याबद्दल कुणाच्या मनात तिळमात्र शंका नाही.

"काय दिसतंय?" मॅडमनी विचारलं.

मी ग्रॅन्यूल थराचं वर्णन केलं.

"ते रंगलंय म्हणून दिसतंय तुला. आता निळा चॅनल लाव आणि काय रंगलेलं नाही ते दाखव मला."

निळा चॅनल म्हणजे डॅपी, जो प्रत्येक केंद्रकातल्या डीएनएला चिकटतो, मग ती पेशी कुठलीही असो. तो लावल्यावर हिरव्या पट्टीच्या काठाशी मोठी, गोल, फिकट निळी केंद्रकं अंतराअंतराने उभी दिसली. हिरवा एक कणही नाही. तीस मायक्रॉनच्या त्या कापात मेंदूतला सगळ्यात देखणा न्यूरॉन उभा होता आणि न्यूरॉन दाखवणाऱ्या जगातल्या सगळ्यात लोकप्रिय अँटीबॉडीने त्याला ओळख दिलेली नव्हती. मॅडमनी मग १९९२च्या निबंधाची प्रत पुढे सरकवली. सारांशातच लिहिलेलं होतं: पर्किंजे पेशी, घ्राणकंदातल्या (मेंदूचा वासाशी निगडित भाग) मायट्रल पेशी आणि डोळ्याच्या पडद्यातल्या प्रकाशग्राही पेशी यांत रंग दिसत नाही. लपवलेलं काहीच नव्हतं.

उंदराच्या अँटीबॉडीने उंदराचाच मेंदू बघण्यात आणखी एक अडचण आहे. दुय्यम अँटीबॉडीला आपण घातलेली न्यूएन आणि उंदराच्या स्वतःच्या रक्तातली अँटीबॉडी यांत फरक करता येत नाही. निरोगी मेंदूत रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर शाबूत असतो आणि रक्त धुऊन काढलेलं असतं, त्यामुळे फार बिघडत नाही. पण उंदरात पक्षाघात किंवा इजा मुद्दाम घडवलेली असेल तर हाच अडसर गळतो, रक्तातली अँटीबॉडी मेंदूत झिरपते आणि नेमका जखमेभोवतीचा भाग चमकायला लागतो. म्हणजे ज्या जागेबद्दल प्रश्न विचारायचाय तीच जागा खोटं बोलते. त्यावर उपाय आहेत: उंदराच्या अँटीबॉडीचे तुकडे वापरून आधी त्या जागा झाकून टाकणं, किंवा न्यूएनलाच थेट रंग जोडलेला घेणं. पण सगळ्यात आधी शेजारच्या खळग्यात एक काप असा हवा ज्याला न्यूएन घातलेलंच नाही, फक्त दुय्यम. तो काप पूर्ण काळा दिसला पाहिजे. या काळ्या कापाचा फोटो निबंधात छापायला जागा नसते, पण तो काढलेला नसेल तर बाकीच्या फोटोंवर माझा विश्वास बसत नाही.

आता २००९. ही ओळख पटवली ती अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांपैकी हृदय, फुप्फुस आणि रक्त या विषयांना वाहिलेल्या संस्थेतल्या की किम, रॉबर्ट एडलस्टीन आणि साचियो कावामोटो यांनी. मेंदूची संस्था नव्हे, हृदयाची! ते मायोसिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनावर काम करत होते आणि मायोसिनच्या एका प्रकारचा आरएनए मज्जापेशींत वेगळ्या तऱ्हेने कापला-जोडला जातो, तो कोण कापतं याचा शोध घेत होते. फॉक्स नावाच्या प्रथिनांच्या कुटुंबातला तिसरा सदस्य, फॉक्स-३, हाच न्यूएन निघाला. या कुटुंबातलं पहिलं जनुक सापडलं होतं ते सी. एलेगन्स या मिलिमीटरभर लांबीच्या सूत्रकृमीत, लिंगनिश्चितीच्या अभ्यासात.

मला तो निबंध वाचताना त्यांच्या निष्कर्षापेक्षा त्यांची रीत जास्त आवडते. ए६०ने पकडलेलं प्रथिन मास स्पेक्ट्रोमेट्रीत, म्हणजे तुकड्यांच्या वस्तुमानावरून प्रथिन ओळखणाऱ्या चाचणीत, घातलं, क्रम फॉक्स-३चा निघाला. बरं, पण सोबत ओढलं गेलेलं दुसरं काही असेल तर? म्हणून फॉक्स-३ स्वतंत्रपणे तयार केलं आणि ए६० ते ओळखते का पाहिलं. ओळखते. मग पेशीतला फॉक्स-३चा आरएनए कमी केला, तर न्यूएनचा रंगही कमी झाला. फॉक्स-३ मज्जासंस्थेबाहेर आहे का पाहिलं. नाही. फॉक्स-३विरुद्ध वेगळी अँटीबॉडी वापरून रंगवलं, तर केंद्रकांतला रंग न्यूएनच्या रंगावर तंतोतंत बसला. एका 'हो'वर ते थांबले नाहीत. आणि एवढं सिद्ध झाल्यावर त्याच निबंधात त्यांनी हेही लिहिलं की ए६० आणखी एका प्रथिनाला ओळखते: सिनॅप्सिन-१, जे केंद्रकात नसतंच, न्यूरॉनच्या टोकाशी असलेल्या पुटिकांवर, म्हणजे इवल्या पिशव्यांवर, असतं. जेलवरच्या चाचणीत ही ओळख फॉक्स-३च्या मानाने साधारण दहा पट दुबळी. आणि कापांवर ती दिसत नाही. म्हणजे जेलवर अनपेक्षित पट्टा दिसला तर घाबरायचं कारण नाही, पण कापावरचा रंग आणि जेलवरचा पट्टा एकाच गोष्टीची साक्ष देतात असंही धरून चालायचं नाही.

१९९२च्या निबंधात हे प्रथिन डीएनएला चिकटतं असं दिसलं होतं. ओळख पटल्यावर कळलं की त्याचं मुख्य काम आरएनएशी आहे. पाहिलेलं टिकलं, लावलेला अर्थ सुधारला. विज्ञानात हे असंच व्हायला हवं.

याच २००९ सालात आणखी एक गोष्ट घडली, आणि ती सांगताना मला बाबांची आठवण येते. ते शाळेत विज्ञान शिकवायचे. मानवी मेंदूत शंभर अब्ज चेतापेशी असतात, हे त्यांनी मुलांच्या कितीतरी तुकड्यांना सांगितलं. मी एकदा सुट्टीत घरी गेले असताना म्हटलं, "बाबा, ते शंभर नाहीत. शहाऐंशी."

"कुणी मोजले?" त्यांनी लगेच विचारलं. शिक्षकाचा प्रश्न.

मोजले होते रिओ दि जानेरोच्या सुझाना हर्क्युलानो-हूझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. मेंदूचे भाग सारखे दाट नसतात. मोठ्या मेंदूच्या सालीत पेशी विरळ, छोट्या मेंदूत खच्चून भरलेल्या. त्यामुळे कापांवर मोजून सगळ्या मेंदूचा हिशेब लावणं फार कठीण. त्यांनी कापच सोडून दिले. मुरवलेला मेंदू डिटर्जंटच्या द्रावणात काचेच्या नळीत घोटायचा, इतका की पेशी फुटतात पण केंद्रकं शाबूत राहतात, आणि हाती केंद्रकांचं एकजीव द्रावण येतं. एका पेशीत एक केंद्रक, म्हणून केंद्रकं मोजली की पेशी मोजल्या गेल्या. थोडंसं द्रावण घ्यायचं, डॅपी घालून एकूण केंद्रकं मोजायची, आणि मग त्यांतली न्यूरॉनची किती हे ठरवायचं न्यूएन घालून.

बाबा ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे पोतं नीट हलवून एक वाटी तांदूळ मोजायचे आणि पोत्याचा हिशेब करायचा. पण हलवणं नीट झालं पाहिजे."

"आणि दाणा कुठला आणि खडा कुठला ते ओळखता आलं पाहिजे. ते काम आमची न्यूएन करते."

पन्नास ते एकाहत्तर वर्षं वयाच्या चार पुरुषांचे मेंदू होते ते. सरासरी ८६ अब्ज न्यूरॉन, म्हणजे आठ हजार सहाशे कोटी, आणि जवळपास तितक्याच इतर पेशी. ग्लिया न्यूरॉनच्या दहा पट असतात, हे जे वर्षानुवर्षं छापलं जात होतं त्याला आधार उरला नाही. या ८६ अब्जांतले ६९ अब्ज एकट्या छोट्या मेंदूत, आणि मोठ्या मेंदूच्या ज्या सालीचा आपल्याला एवढा अभिमान असतो तिच्यात फक्त १६ अब्ज. बाबांनी हे आकडे वहीत लिहून घेतले. मग बराच वेळ विचार करून म्हणाले, "पण गं, तू तर म्हणालीस की छोट्या मेंदूतल्या त्या मोठ्या पेशी हिला दिसतच नाहीत. मग त्या यात धरल्यात का?"

नाही धरलेल्या. पर्किंजे पेशी ग्रॅन्यूल पेशींच्या मानाने इतक्या थोड्या आहेत की त्याने ८६चा आकडा हलत नाही. पण प्रश्न अगदी बरोबर होता, आणि ज्यांनी आयुष्यभर न्यूएन वापरली आहे अशा कितीतरी लोकांकडून मी तो ऐकलेला नाही. मोजणीचा आकडा छापला जातो तेव्हा तो कुठल्या अँटीबॉडीच्या नजरेतून आलाय हे पुसलं जातं. ८६ अब्ज म्हणजे काटेकोरपणे सांगायचं तर, न्यूएन ज्यांच्या केंद्रकात बसते अशा ८६ अब्ज पेशी.

प्रौढ माणसाच्या मेंदूत नवे न्यूरॉन जन्मतात का, या अजून न मिटलेल्या वादातही ही अँटीबॉडी सुरुवातीपासून साक्षीदार आहे. १९९८ मध्ये पीटर एरिक्सन, फ्रेड गेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच कर्करोगी रुग्णांचे मेंदू त्यांच्या मृत्यूनंतर तपासले. या रुग्णांना हयातीत उपचारादरम्यान एक असा पदार्थ दिलेला होता जो विभाजन होणाऱ्या पेशीच्या डीएनएमध्ये शिरतो. हिप्पोकॅम्पसमध्ये काही केंद्रकांत तो पदार्थही होता आणि न्यूएनही. त्या दोन रंगांच्या एकत्र येण्यावर केवढी मोठी चर्चा उभी राहिली! त्या पाच जणांनी मृत्यूनंतर जे दिलं, त्याबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते.

ज्या मुद्द्याची मला सगळ्यात जास्त तळमळ आहे तो आता सांगते. पक्षाघाताच्या संशोधनात नेहमीचा प्रयोग असा: रक्तपुरवठा काही काळ थांबवायचा, मग न्यूएन लावायचं, रंगलेल्या पेशी मोजायच्या, जिथे कमी झाल्या तिथे न्यूरॉन मेले. औषध दिल्यावर जास्त रंगल्या तर औषधाने न्यूरॉन वाचवले. सरळ वाटतं. पण २००४ मध्ये तुर्कीतल्या अंकारामधून उनाल-चेविक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रक्तपुरवठा तुटल्यानंतर न्यूएनचा रंग जातो, पण तेवढ्याने न्यूरॉन मेला असं होत नाही. त्याच वर्षी कॅनडातल्या एका गटाने चेहऱ्याच्या स्नायूंकडे जाणाऱ्या न्यूरॉनचे अक्षतंतू तोडले, तर त्यांच्यातला न्यूएन नाहीसा झाला. आणि मेंदूतून पाठीच्या कण्यात उतरणाऱ्या दुसऱ्या न्यूरॉनना तशीच इजा केली तर गेला नाही. पुढच्या वर्षी जर्मनीतून आलेल्या कामाने दाखवलं की या प्रथिनावर एकाहून अधिक ठिकाणी फॉस्फेटचे गट चढलेले असतात. पेशीवर ताण आला की असे गट बदलतात, आणि गट बदलले की अँटीबॉडीला दिसणारा आकारही बदलू शकतो.

म्हणजे रंग नसण्याची तीन कारणं असू शकतात. पेशीच नाही. पेशी आहे, पण तिने प्रथिन बनवणं थांबवलंय. पेशीही आहे, प्रथिनही आहे, पण अँटीबॉडीला ते ओळखू येईना. या तिन्हींत रुग्णाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मेलेल्या पेशीला औषध देऊन उपयोग नाही. जी जिवंत आहे पण आजारी आहे, तिच्यासाठीच तर सगळी धडपड. पक्षाघात झालेल्या माणसाच्या मेंदूत कुठवर आशा धरायची हे ज्या संशोधनातून ठरणार, त्यात 'रंग नाही' याला परस्पर 'मृत' लिहिणं मला सहन होत नाही. सोबत डॅपीने केंद्रकाचा आकार पाहावा, दुसऱ्या एखाद्या न्यूरॉनच्या प्रथिनाची अँटीबॉडी लावावी, मरणाऱ्या पेशींची वेगळी चाचणी करावी. एवढं केल्याशिवाय निबंधात 'न्यूएन-धारी पेशी कमी झाल्या' असंच लिहावं. ज्या प्राण्याचा जीव घेण्यासाठी आपण नैतिकता समितीची परवानगी मागितली, त्याच्याबद्दल निदान जेवढं पाहिलं तेवढंच लिहिणं हे आपलं देणं आहे.

हे फक्त न्यूएनपुरतं नाही. २००५ मध्ये 'जर्नल ऑफ कंपॅरेटिव्ह न्यूरॉलॉजी'चे संपादक क्लिफर्ड सेपर यांनी वाचकांना अनावृत पत्र लिहून अँटीबॉडीच्या वापराबद्दल सावध केलं. प्रत्येक अँटीबॉडी कशाविरुद्ध तयार केली आणि ती तेच ओळखते हे कशावरून, हे लेखकांनी लिहावं असा आग्रह त्या नियतकालिकाने धरला. २०१५ मध्ये अँड्र्यू ब्रॅडबरी आणि आंद्रेआस प्ल्यूक्टून यांनी शंभराहून जास्त शास्त्रज्ञांच्या सह्यांनिशी 'नेचर'मध्ये मागणी केली की संशोधनातल्या अँटीबॉडी त्यांच्या जनुकीय क्रमाने ओळखल्या जाव्यात आणि त्या क्रमावरून प्रयोगशाळेत तयार केल्या जाव्यात. त्यामागचं कारण २०१८ मध्ये आकड्यांत आलं: तपासलेल्या १८५ हायब्रिडोमांपैकी ५९ पेशी, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश, अँटीबॉडी ज्यांची बनते त्या ठरलेल्या प्रथिनसाखळ्यांखेरीज जास्तीच्या साखळ्याही बनवत होत्या. एका पेशीची एकच अँटीबॉडी हा १९७५चा पाया. त्यालाही अपवाद इतके निघाले.

आपल्याकडे यातला पैशाचा भाग मोठा आहे. एक कुपी मागवायला अनुदानाची मंजुरी, तीन कोटेशन, कस्टम्स आणि मग कोरड्या बर्फातला खोका वितळण्याआधी लॅबमध्ये पोचेल ना याची धाकधूक. कुपी आली की छोट्या छोट्या नळ्यांत वाटून ठेवायची, एकेक थेंब जपून. अशा परिस्थितीत ती अँटीबॉडी तपासण्यात थेंब घालवणं जिवावर येतं, हे मला कळतं. जनुकच काढून टाकलेला उंदीर, ज्याच्या मेंदूत फॉक्स-३ नाहीच, हा खरा कस. पण तो प्रत्येक लॅबला परवडणारा नाही.

म्हणून मी आमच्याकडच्या मुलांना एवढंच सांगते की दर प्रयोगाच्या प्लेटमध्ये एक खळगा छोट्या मेंदूच्या कापासाठी ठेवा. त्याच मेंदूचा, त्याच दिवशी, त्याच नळीतली न्यूएन घालून. त्यात ग्रॅन्यूल थर रंगला पाहिजे, पर्किंजेची रांग रंगता कामा नये, आणि शेजारचा फक्त-दुय्यमवाला काप काळा राहिला पाहिजे. पर्किंजेची केंद्रकं हिरवी दिसली तर कुठेतरी पाणी मुरतंय, आणि बाकीच्या खळग्यांतले आकडे वहीत उतरवण्याआधी तिथेच थांबायचं. कुपीचा लॉट नंबर, पातळ केल्याचं प्रमाण आणि त्या दोन कापांचे फोटो त्याच पानावर चिकटवायचे. छोटा मेंदू नाहीतरी बहुतेक लॅबमध्ये टाकूनच दिला जातो. त्याला जास्तीचा एक रुपयाही लागत नाही.